डिलिव्हरीसाठी सायकल भाड्याने घेताय?
बेळगावात डिलिव्हरीच्या कामाला महिन्याच्या भाड्याने सायकल घेणार असाल, तर भाड्याची घासाघीस करण्याआधी बिघाडाचा खर्च कुणाचा ते विचारा. पंक्चर तुमचं, टायर, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र), ब्रेकचे रबर मालकाचे, असं ठरवून घ्या. हे भाग वापरून झिजतातच. दुरुस्तीला सायकल अडकली तर त्या दिवसाचं भाडं कापणार की बदली सायकल देणार, तेही तेव्हाच. मालक नुसतं ‘बघू की’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १५० तुमच्या बाजूचं आहे. भाड्याने दिलेल्या वस्तूत मुळातच दोष असेल आणि त्याने नुकसान झालं, तर मालक जबाबदार. त्याला दोष माहीत नसला तरी. पण दोष आधीचाच होता हे दाखवायला पुरावा लागतो. म्हणून घेतानाच मागचं चाक उचलून फिरवा, रिम ब्रेकला घासते का पाहा, आणि व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. करार कन्नडात असेल तर जाणकाराकडून वाचवून घेतल्याशिवाय सही नको.

पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या चिखलातून फिरून चेन कुरकुरायला लागेलच. तेल मात्र आपणच घालावं, तेवढ्यासाठी मालकाशी वाद कशाला.