हिंसक होर्डिंगविरुद्ध तक्रार कशी करावी

शाळेच्या वाटेवर रक्ताळलेला सुरा दाखवणारे होर्डिंग उभे राहिले, तर प्रथम त्याचे असे छायाचित्र घ्यावे, ज्यात चित्राबरोबर शाळेची पाटी आणि फलकावरील परवाना क्रमांकही वाचता येईल. मुंबईत अशा फलकांना १८८८च्या महापालिका अधिनियमातील कलम ३२८ व ३२८-अ लागू होत असल्याने पालिकेच्या अनुज्ञापन खात्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. चित्राच्या आशयाबद्दलची तक्रार मात्र १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘ॲस्की’कडे, करावी. ‘भावना दुखावल्या’ असे मोघम लिहू नये; सुरा कोणावर रोखला आहे, रक्त कोठे दिसते, हे नेमके लिहावे आणि रस्त्याने जाणाऱ्या मुलांना हे चित्र टाळता येत नाही, हा माझ्या मते सर्वांत भक्कम मुद्दा अर्जाच्या आरंभीच मांडावा.