डेक बोलत नाही? आधी कागद तपासा: टॅरो जमवताना आणि वाचताना या चुका टाळा

टॅरोचे डेक, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचे संच, जमवणाऱ्यांच्या आणि त्यांवरून रीडिंग, म्हणजे प्रश्नाचं वाचन, करणाऱ्यांच्या वर्तुळात काही वाक्यं सतत कानावर पडतात. "हा डेक माझ्याशी बोलतच नाही." "रोज तेच कार्ड येतंय, काहीतरी संकेत असणार." "नवा डेक आणला आणि रीडिंग बिघडलं." त्यावरचे उपायही ठरलेले: पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवा, धूप दाखवा, उशाखाली घेऊन झोपा. हौस म्हणून करायला माझी काहीच हरकत नाही. पण मी डेक जमवते, वाचते आणि इतरांचे बिघडलेले डेक हातात घेऊन बघते, त्यावरून माझं मत असं झालंय की बहुतेक तक्रारींचं मूळ कागदात, छपाईत, पिसण्यात किंवा विचारलेल्या प्रश्नात असतं. गूढाकडे वळण्याआधी तिथे बघावं.

स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला डेक

ऑनलाइन बाजारात तीनशे-चारशे रुपयांना मिळणारा "ओरिजिनल" डेक बहुधा नक्कल असतो. खोक्यावर प्रकाशकाचं नाव नसतं, पुस्तिकेऐवजी एक क्यूआर कोड असतो, कार्डं लहान, बुळबुळीत आणि पातळ असतात. खरी मेख मात्र चित्रात आहे. नक्कल करणारे छापील कार्ड स्कॅन करून कडा कापतात. रायडर-वेट-स्मिथ या प्रसिद्ध डेकवर चित्रकार पामेला कोलमन स्मिथची सर्पाकार सही चित्राच्या तळाशी असते. नकलेत ती धुरकट होते किंवा अर्धी कापली जाते. सहीसोबत कोपऱ्यातली गोगलगाय जाते, दूरचा डोंगर जातो, चेहऱ्यावरचे भाव जातात. मग "नाइन ऑफ पेंटॅकल्समध्ये मला काहीच दिसत नाही" असं कोणी म्हणालं तर त्यात अंतर्ज्ञानाचा काही दोष नाही. दिसायला हवं ते छापलेलंच नाही.

ही चित्रं काढणाऱ्या बाईंविषयी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1909 साली गूढविद्येचे लेखक आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून त्यांनी हा पूर्ण डेक रंगवला. काम प्रचंड होतं आणि पैसे अगदी थोडे मिळाले, असं त्यांनीच त्या वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्रातून कळवलं होतं. 1951 साली कॉर्नवॉलमध्ये त्या वारल्या तेव्हा हाताशी काही नव्हतं. डेकवर कितीतरी वर्षं नाव राहिलं ते प्रकाशक रायडरचं आणि वेटचं. आज जे चित्रकार स्वतः डेक काढून विकतात त्यांची नक्कल विकत घेताना हे आठवावं.

"पहिला डेक स्वतः घ्यायचा नसतो, भेट म्हणून मिळावा लागतो" हेही ऐकलं असेल. याला कुठलाही जुना आधार नाही. खुशाल घ्या.

एका पद्धतीचा डेक, दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. खोक्यावर "टॅरो" लिहिलं की सगळे डेक सारखे, असं धरून लोक एकच अर्थांची यादी सगळ्यांना लावतात.

टॅरोच्या 78 कार्डांपैकी 22 मेजर अर्काना (डेथ, टॉवर यांसारखे नावांचे मोठे पत्ते) आणि 56 मायनर (कप, तलवारी, पेंटॅकल्स म्हणजे नाणी, आणि काठ्या अशा चार घराण्यांचे पत्ते), एवढं बहुतेकांना पाठ असतं. पण वेटच्या डेकमध्ये आठवं कार्ड स्ट्रेंग्थ आहे आणि अकरावं जस्टिस. फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय पद्धतीत बरोबर उलटं: आठवं जस्टिस, अकरावं स्ट्रेंग्थ. राशींचा क्रम जुळावा म्हणून ही अदलाबदल झाली. ज्यांना अंकशास्त्र जोडून वाचायची सवय आहे त्यांनी डेक बदलला की आधी ही दोन कार्डं काढून बघावीत. मार्सेयच्या मायनर कार्डांवर प्रसंगचित्रंही नाहीत. पाच कप म्हणजे फक्त पाच कप, मध्ये थोडी वेलबुट्टी. फाइव्ह ऑफ कप्समधला काळ्या झग्यातला माणूस, सांडलेले तीन कप आणि पाठीमागे अजून उभे असलेले दोन, हा सगळा स्मिथ यांचा संसार आहे. तो मार्सेयमध्ये शोधला तर सापडणार नाही आणि डेक मुका वाटणार.

थॉथ डेकचं प्रकरण आणखी वेगळं. इंग्रज गूढवादी अ‍ॅलिस्टर क्रोली यांच्या कल्पनेवरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी 1938 ते 1943 या काळात तो रंगवला. पत्त्यांच्या रूपात तो बाजारात आला 1969 साली, दोघांच्याही मृत्यूनंतर. (हॅरिसबाईंचा अखेरचा काळ आपल्याकडे गेला. 1962 साली त्या श्रीनगरमध्ये वारल्या.) त्यात राजा नाहीच. घराण्यात नाइट, क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस असतात, आणि नाइट सगळ्यात वरचा. वेटच्या डेकमधला घोड्यावरचा तरुण नाइट समजून त्याला वाचलं की सगळं घर उलटंपालटं होतं. सिक्स ऑफ स्वोर्ड्स घ्या. वेटमध्ये नावेत बसून पलीकडे निघालेली बाई आणि मूल, थॉथमध्ये त्याच कार्डावर शब्द छापलाय "सायन्स". एक कार्ड किनारा सोडायला सांगतं, दुसरं डोकं शांत ठेवून विचार करायला. दोन्ही ठीक, पण एकाचा अर्थ दुसऱ्यावर चिकटवू नका.

लेनोर्मां हा तर टॅरोच नव्हे. 36 कार्डांची ती वेगळी रीत आहे आणि कार्डं जोडीजोडीने वाचतात. ओरॅकल, म्हणजे चित्रकाराने आपल्या मनाने रचलेल्या, डेकला ठरलेली संख्याच नसते.

युरोपातून डेक मागवणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. फ्रान्समध्ये टॅरो हा पत्त्यांचा खेळ म्हणून आजही जोरात खेळला जातो. त्या खेळाच्या डेकमध्येही 78 पत्ते असतात आणि नावही टॅरोच. पण त्यात कप-तलवारींच्या जागी बदाम, चौकट, किलवर, इस्पिक, आणि हुकमाच्या मोठ्या आकड्यांच्या पत्त्यांवर नाचगाण्याचे, सहलीचे साधे प्रसंग. फोटो नीट न बघता मागवलात तर डेथही मिळणार नाही आणि टॉवरही नाही. यात फसवणूक कोणाचीच नाही, कारण पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो जन्मला तोच मुळी खेळ म्हणून. इजिप्तच्या पुरोहितांनी गुप्त ज्ञान या पत्त्यांत दडवलं ही कथा 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने रुजवली. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंने ती उलगडली 1822 साली, आणि तिच्यात टॅरोचा मागमूसही निघाला नाही. डेकच्या पुस्तिकेत ही कथा इतिहास म्हणून छापलेली असेल तर पुढची पानं जरा सावधपणे वाचावीत.

"तेच कार्ड परत परत येतंय"

हे सांगताना लोकांचा आवाज खाली जातो. मी आधी विचारते, पिसता कसे?

आपण घरी रमी खेळताना जसे हातातल्या हातात पत्ते वर-खाली करतो, ती पद्धत फार संथ आहे. त्यात पत्त्यांचे गठ्ठे जागा बदलतात, शेजारी मात्र शेजारीच राहतात. 1992 साली डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं की 52 पत्ते दोन भाग करून एकमेकांत फर्रकन गुंतवले, तर साधारण सात वेळांत नीट मिसळतात. हातातल्या पद्धतीने तेच साधायला हजारो वेळा पिसावं लागेल. टॅरोचे पत्ते तर 78, शिवाय आकाराने मोठे. सोपा मार्ग असा: सगळे पत्ते टेबलावर किंवा चादरीवर उपडे पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर गोलगोल ढवळा. ऐटदार दिसत नाही, पण काम चोख होतं. नवीन डेक छपाईच्या क्रमात येतो, त्याला हे आवश्यकच.

"सगळी उलटीच कार्डं येतात" याचंही मूळ इथेच. ढवळण्यात निम्मी कार्डं उलटी होतात. नंतर हातात पिसत राहिलात तर ती तशीच उलटी राहतात. उलट्या कार्डांचे अर्थ वाचायचे नसतील तर प्रत्येक वेळी डेक सरळ करून ठेवा. वाचायचे असतील तर ढवळणं सोडू नका. अधलंमधलं काहीतरी केलं की डेक "नकारात्मक" झाल्यासारखा वाटतो.

आता नीट पिसूनही योगायोग घडतातच, आणि ते आपल्याला वाटतात त्याहून कितीतरी जास्त. रोज तीन कार्डं काढत असाल तर ठरावीक एखादं कार्ड येण्याची शक्यता 26 त 1. म्हणजे डेथ सरासरी महिन्यातून एकदा दर्शन देणारच. सेल्टिक क्रॉस नावाच्या दहा कार्डांच्या मांडणीत तेच प्रमाण आठात एकाच्या आसपास जातं. काल आलेल्या तिघांपैकी निदान एक आज पुन्हा येण्याची शक्यता सुमारे 11 टक्के, म्हणजे साधारण नऊ दिवसांतून एकदा. तीन कार्डांत एखादं तरी मेजर अर्काना असण्याची शक्यता 64 टक्के. तेव्हा "मेजर आलं, मोठी घटना घडणार" हे वाक्य अर्ध्याहून जास्त दिवस म्हणता येईल आणि म्हणूनच ते फारसं काही सांगत नाही.

यामुळे पुन्हा आलेल्या कार्डाकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. ते आलं की आपण थांबतो आणि विचार करतो, आणि रीडिंगचा उपयोग तोच. फक्त त्यावरून घाबरून नोकरी सोडू नका.

भीतीची कार्डं

डेथ, टॉवर, डेव्हिल, टेन ऑफ स्वोर्ड्स. नवखे रीडर यांच्यापैकी काही आलं की लगेच गोड बोलायला लागतात: "मृत्यू नाही हो, परिवर्तन." हे इतकं घिसंपिटं झालंय की समोरच्यालाही पाठ असतं. त्यापेक्षा चित्र दाखवा. वेटच्या डेथमध्ये पांढऱ्या घोड्यासमोर चौघे आहेत. राजा कोसळलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने तोंड फिरवलंय आणि लहान मूल वर बघतंय. यातलं तुम्ही कोण, एवढं विचारलं तरी माणूस बोलायला लागतो. मार्सेयच्या बऱ्याच डेकांत या कार्डावर नावच छापलेलं नसतं, नुसता 13 आकडा.

पाठांतराच्या चुकीवरही हाच उतारा. 78 गुणिले दोन अर्थ घोकण्यात वर्ष घालवण्यापेक्षा कार्डावरचा माणूस कुठे बघतोय, हातात काय आहे, पाय कशावर आहेत, हे मोठ्याने सांगायची सवय लावा.

प्रश्नच वाकडा

"तो परत येईल का?" या प्रश्नावर कार्ड काहीही येवो, ऐकणारा हवं तेच ऐकतो. मग मनासारखं नाही आलं की खुलाशासाठी आणखी एक कार्ड, मग आणखी एक, कपांचं काहीतरी छान येईपर्यंत. खुलाशाचं एकच, तेही फार तर, असा नियम करा. संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. "या नात्यात मी काय गृहीत धरतेय?" असं विचारलं तर कार्डाला निदान काही काम उरतं.

गाठ आहे, रिपोर्ट यायचाय, कोर्टात तारीख आहे, अशा वेळी डेक बाजूला. नणंदेच्या किंवा साहेबांच्या मनात काय आहे हे त्यांच्या पाठीमागे काढणंही मला पटत नाही. आणि जे वाचलं ते तारीख घालून वहीत लिहा, घटना घडायच्या आधी. नंतर आठवताना प्रत्येक रीडिंग खरं ठरलेलं असतं.

जमवण्याची हाव आणि आपला पावसाळा

संग्राहक आणि रीडर या दोन वेगळ्या भुका आहेत. सुंदर म्हणून घेतलेला प्रत्येक डेक वाचायला सोयीचा असेलच असं नाही, आणि तसा हट्टही नको. सोनेरी कडांचे डेक कपाटात देखणे दिसतात. पहिल्यांदा उघडताना त्यांची कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात, ती एकेक करून सोडवा, नाहीतर वर्ख उडतो. किकस्टार्टरवर (प्रकल्पांसाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवणाऱ्या वेबसाइटवर) पैसे भरणं ही खरेदी नसते, पाठिंबा असतो. उशीर होतो, कधी प्रकल्प बारगळतो. परदेशातून आलं की कस्टम्स ड्यूटी आणि कुरियरची केवायसी हेही हिशोबात धरा.

महाराष्ट्रात राहून पत्ते जमवणाऱ्याने सावंतवाडीचा गंजिफा न बघणं ही मात्र मला चूकच वाटते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120 गोल पत्ते, लाखेच्या चमकीचे, हाताने रंगवलेले. तिथल्या राजवाड्यात अजूनही ते काम चालतं. कोणी "भारतीय टॅरो" म्हणून विकत असेल तर तेवढं सोडून द्या. तो खेळ आहे, भविष्याचा त्याच्याशी संबंध नाही.

जून लागला की कोकणात आणि मुंबईत डेक वाकायला लागतात. दोन्ही बाजूंचा थर सारखा नसला की दमट हवेत कागद एकीकडून जास्त फुगतो आणि पत्ता धनुष्य होतो. उन्हात टाकू नका, हेअर ड्रायर तर मुळीच नको. पापडांना जे लागतं तेच डेकला: कोरडा, घट्ट झाकणाचा डबा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि वाकलेला डेक असेल तर वर चार जाड पुस्तकं, आठवडाभर. रेशमी बटवा दिसायला छान, पण ओल अडवत नाही. पत्ते सरकत नाहीत म्हणून टाल्कम पावडर चोळणारेही आहेत. चार दिवस बरं वाटतं, मग कडांना पांढरा थर बसतो. मऊ कोरड्या कापडाने पुसणं पुरे.

एखादा पत्ता हरवलाच तर आधी खोक्याच्या घडीत आणि पुस्तिकेच्या पानांत बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतो. नाही सापडला तर प्रकाशकाला लिहा, काही जण सुटा पत्ता पाठवतात. घरी प्रिंट काढून लॅमिनेट केलेला पत्ता त्या डेकमध्ये घालू नका. त्याची जाडी वेगळी असते, बोटांना तो लगेच कळतो आणि नकळत तोच निवडला जातो. असा डेक वाचनातून काढून संग्रहात ठेवावा. तिथे त्याला कमीपणा नाही. पंधराव्या शतकातल्या विस्कोन्ती-स्फोर्झा डेकचेही 74 च पत्ते उरलेत, तेही न्यूयॉर्क आणि इटलीतल्या बेर्गामोमध्ये वाटले गेलेले. हरवलेल्या चारांत डेव्हिल आणि टॉवर आहेत.