एकमिया फॅसिएटा : पाणी पेल्यात, कुंडी हलकी

नर्सरीत एकमिया फॅसिएटा बहुतेक वेळा फुललेलीच मिळते. रुपेरी पट्ट्यांची रुंद पानं आणि मधोमध गुलाबी तुरा. या तुऱ्यात गुलाबी दिसतात ती फुलं नव्हेत, काटेरी कडांची छोटी पानंच आहेत. खरी फुलं त्यांच्या बेचक्यातून डोकावतात. ती इवलीशी, निळी-जांभळी असतात आणि कोमेजताना लालसर होतात. विकत घेताना निळी फुलं नुकतीच दिसू लागलेलं झाड निवडा. लालसर, वाळलेली फुलं जास्त असतील तर तुऱ्याचं निम्मं आयुष्य दुकानातच गेलेलं असतं.

पानांच्या एका झुपक्याला एकदाच तुरा येतो. तो काही महिने टिकतो, त्यानंतर मूळ झाड सावकाश वाळत जातं आणि त्याच काळात बुंध्याशी पिल्लं फुटतात. झाड मेलं असं समजून कुंडी रिकामी करणारे नेमकी ही पिल्लं फेकून देतात.

अननसाच्या कुळातली ही वनस्पती ब्राझीलच्या रिओ दि जानेरो राज्यातली. तिथल्या जंगलात ती झाडांच्या फांद्यांवर वाढते. मुळांचं मुख्य काम धरून ठेवणं. पाणी आणि अन्न पानांच्या तळाशी तयार झालेल्या पेल्यातून शोषलं जातं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीची निगा आपोआप सुचते.

कुंडी 5 ते 6 इंचांची पुरे, पण मातीची घ्या. झाड वरून जड असतं आणि प्लास्टिकची कुंडी वाऱ्यात कलंडते. बागेतली लाल किंवा काळी माती अजिबात नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे 2 भाग, लाकडी कोळसा 1 भाग, विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट 1 भाग आणि वर मूठभर कोकोपीट असं मिश्रण करा. सोडणात क्षार असतात, म्हणून तुकडे दोन-तीन दिवस भिजत ठेवा आणि पाणी रोज बदला. लावताना खालच्या पानांचा तळ मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे. झाड डुगडुगतं म्हणून ते खोल पुरलं की बुंधा कुजतो. त्यापेक्षा बाजूला दोन बांबूच्या काड्या रोवून आधार द्या. पानांच्या कडांना काटे असतात आणि काहींच्या त्वचेला या झाडाच्या स्पर्शाने खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी कायम असावं. कुंडीतलं मिश्रण वरून कोरडं वाटलं की मगच थोडं ओलं करा. पाणी पावसाचं असेल तर उत्तम. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात आणि टोकं करपतात. आरओ मशिनमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, ते या झाडाला घालू नका. तांबं तर या कुळाला विषासारखं आहे. म्हणून तांब्याच्या हंड्यातलं पाणी, तांब्याची तार, बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखी तांबं असलेली बुरशीनाशकं यांतलं काहीही झाडाजवळ येऊ देऊ नका. कोकणात सुपारीवर बोर्डो फवारताना खाली ठेवलेल्या ब्रोमेलियाडच्या, म्हणजे या कुळातल्या झाडांच्या, कुंड्या आधी हलवा.

साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो, आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे दर चार-पाच दिवसांनी कुंडी आडवी करून पेला पूर्ण रिकामा करा, पाण्याच्या जोरदार धारेने धुवा आणि ताजं पाणी भरा. जुनं पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीत ओता, म्हणजे अळ्या मरतात. मोठ्या संख्येने झाडं असतील तर बीटीआयचे (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे) दाणे पाकिटावरच्या प्रमाणात टाका. रॉकेल किंवा कुठलंही तेल पेल्यात टाकू नका, पानांच्या तळाचा श्वास कोंडतो.

उजेड भरपूर हवा, पण गाळलेला. पूर्वेकडची गॅलरी किंवा 50 टक्क्यांची शेडनेट चांगली. अंधारात पानं लांबट आणि लुळी होतात, रुपेरी पट्टे फिके पडतात. याउलट पावसाळाभर ढगाळ हवेत राहिलेलं झाड ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात सापडलं तर एका दिवसात पांढरट-तपकिरी चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. नाशिक-पुण्यात थंडीत रात्रीचं तापमान 12 अंशांच्या खाली जायला लागलं की पेला जवळजवळ रिकामा करून झाड घरात घ्या. गार पाणी साचून राहिलं की गाभा सडतो.

पानांवरची रुपेरी भुकटी म्हणजे धूळ नव्हे, पाणी शोषणारे सूक्ष्म खवले आहेत. बोट फिरवलं तरी तिथे हिरवा ओरखडा उमटतो आणि कायम राहतो. म्हणून पानं फडक्याने पुसू नका, लीफ शाइन (पानं चमकवणारा फवारा) लावू नका आणि आपल्याकडे सर्रास मारलं जाणारं नीमतेलही टाळा. खवले किडीचे तपकिरी ठिपके किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तेवढीच जागा टिपा.

खत कमीच द्या. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, कुंडीत. हेच पेल्यात ओतलं तर शेवाळ धरतं आणि नत्र जास्त झाल्याने पट्टे पुसट होतात.

मधलं पान हलकेच ओढल्यावर सुटून आलं आणि वास आला तर गाभा सडला आहे. पेल्यातलं पाणी ओतून टाका, सडलेली पानं काढा, धुवा आणि आठवडाभर वाऱ्यावर कोरडं ठेवा. बुंधा टणक असेल तर पिल्लं येण्याची आशा असते, म्हणून फेकण्याची घाई करू नका.

पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं होईपर्यंत काढू नका. लहानपणी तोडलेलं बऱ्याचदा तगत नाही आणि तगलं तरी फुलायला फार वेळ घेतं. जूनच्या सुरुवातीची दमट हवा यासाठी सोयीची. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने अगदी आईच्या बुंध्यालगत काप घ्या. काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग 4 इंची कुंडीत वरच्याच मिश्रणात लावा. त्याच्या छोट्या पेल्यात पाणी ठेवा. मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो, तोवर हलवून बघू नका. घोस हवा असेल तर पिल्लं तशीच राहू द्या आणि वाळलेली आई तेवढी कापून टाका.

पिल्लाला तुरा यायला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात. पूर्ण वाढ होऊनही तुरा येत नसेल तर पेला रिकामा करा, बुंध्याशी एक पिकलेलं सफरचंद ठेवा आणि झाड मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बंद ठेवा. पिशवी उन्हात नको. फळातून निघणारा इथिलीन वायू फुलण्याचा इशारा देतो. अननसाचे बागायतदार इथेफॉन वापरतात तेही याच कारणाने. त्यानंतर दोन ते तीन महिन्यांत पेल्याच्या तळातून तुरा वर येऊ लागतो. अर्धवट वाढलेल्या झाडावर हा प्रयोग करू नका, तुरा आलाच तर खुरटा येतो आणि झाड त्यातच संपतं.