ट्रफलला चवच लागली नाही? या चुका टाळा

‘एवढे पैसे मोजले आणि चव काहीच नाही,’ ही ट्रफलबद्दलची नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा ट्रफलचा नसतो. ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी ही बुरशी. जिभेला तिची चव बेताचीच लागते. पैसे मोजायचे ते वासाचे, आणि वास उडून जातो.

ट्रफल तेल चाखून ट्रफलबद्दल मत बनवू नका. बहुतेक बाटल्यांत साधं तेल आणि कारखान्यात बनवलेलं २,४-डायथायापेंटेन असतं. पांढऱ्या ट्रफलच्या वासातही हे संयुग आहे, पण तिथे ते इतर अनेक गंधांत मिसळलेलं असतं. तेलात ते एकटंच बोंबलत सुटतं. लेबलवर ‘अरोमा’ किंवा ‘फ्लेवर’ लिहिलेलं दिसलं की काय ते समजून घ्या. आत तरंगणारा तुकडा बहुधा शोभेचाच.

खरेदी करताना डोळ्यांवर विसंबू नका. फ्रान्समधल्या पेरिगॉरच्या हिवाळी काळ्या ट्रफलसारखाच दिसणारा चिनी ‘ट्युबर इंडिकम’ बराच स्वस्त आणि वासाला फिका; तो महागाच्या भावात खपवला जातो. म्हणून आधी हुंगा, मग दाबून बघा. गाठ घट्ट हवी. बोट रुतलं किंवा अमोनियासारखा भपकारा आला तर परत ठेवा. कापलेला असेल तर आतला गर पाहा: हिवाळी काळा ट्रफल आतून काळपट, त्यात बारीक पांढऱ्या शिरा, उन्हाळी ट्रफल आतून फिकट तपकिरी. उन्हाळी वाईट नसतो, फक्त त्याला हिवाळीचा भाव देऊ नका.

घरी आणल्यावर तो तांदळात पुरून ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. नका ऐकू. तांदूळ ओलावा शोषतो आणि ट्रफल सुकतो. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा, कागद रोज बदला. त्याच बरणीत दोन-चार अंडी ठेवली तर कवचातून वास आत शिरतो. हा फुकटचा फायदा का सोडायचा? पांढरा ट्रफल आठवड्याच्या आत संपवा.

पांढरा कधीच शिजवू नका. तो गरम पास्त्यावर किंवा अंड्यावर, ताटात वाढल्यावरच, कागदासारखा पातळ किसायचा. काळा थोडी आच सोसतो, लोण्यात हलका गरम करता येतो. लोणी, साय, चीज यांत वास धरून राहतो. लसूण आणि व्हिनेगर त्याला गिळून टाकतात. पांढऱ्याची लागवड अजून नीट साधलेली नाही, म्हणून तो काळ्याहून कितीतरी महाग. तो कढईत टाकणं म्हणजे पैसे वाफेवर उडवणं.

कॅव्हियारचंही, म्हणजे माशाच्या खारवलेल्या अंड्यांचंही, तसंच. चांदीच्या चमच्याने धातूची चव उतरते, शिंपल्याचा चमचा घ्या, आणि आचेपासून लांब ठेवा. इटलीतल्या मोदेनाचं किमान १२ वर्षं मुरवलेलं पारंपरिक बाल्सामिक (द्राक्षाच्या रसाचं व्हिनेगर) उकळायचं नसतं, वरून थेंबभर सोडायचं. केशराची काडी कोमट पाण्यात टाका: खरं असेल तर पाणी सावकाश पिवळं होतं आणि काडी लालच राहते. लगेच लाल रंग सुटून काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली आहे.