क्रेडिट कार्डाचं ऑनलाइन खातं : या चुका टाळा

माझ्या काकांनी क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्ये ऑटो-पे लावला आणि ते निर्धास्त झाले. दर महिन्याला बचत खात्यातून पैसे वळते व्हायचे, ‘पेमेंट मिळाले’ असा एसएमएस यायचा. आठ महिन्यांनी फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “अगं, वेळेवर भरतोय, तरी आकडा उतरत का नाही?” ऑटो-पेच्या पानावर दोन पर्याय होते, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. काकांकडून दुसरा निवडला गेला होता. व्याजाची ओळ प्रत्येक स्टेटमेंटमध्ये स्पष्ट छापलेली होती, पण एसएमएस येतोय म्हटल्यावर स्टेटमेंट उघडायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

किमान रक्कम म्हणजे बिल नव्हे

समजा १०,००० थकले आहेत, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान देय रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. नवी खरेदी काहीच नाही. वर्षभर न चुकता किमान रक्कम भरली, तर खिशातून जातात सुमारे ५,५०० आणि थकबाकी उरते ७,७०० च्या आसपास. भरलेल्यातले ३,२०० निव्वळ व्याजात गेले. शिवाय मागची बाकी राहिली की बहुतेक बँका नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत काढून घेतात, म्हणजे आज केलेल्या खरेदीलाही आजपासूनच व्याज. कार्डावर रोख पैसे काढले तर ही मुदत सहसा मिळतच नाही.

आज ॲप उघडाल तेव्हा ऑटो-पेच्या पानावर जाऊन कोणता पर्याय निवडलेला आहे तेवढं बघा. ज्या खात्यातून पैसे जाणार आहेत त्यात त्या तारखेला शिल्लक असेल का, हेही बघा. ऑटो-पे परत गेला तर उशिराचा दंड लागतो आणि तिकडे खात्याची बँकही वेगळं शुल्क लावू शकते.

पहिल्या पानावरचे चार आकडे

लॉगिन केल्यावर समोर येणारे आकडे एकमेकांत मिसळतात आणि अर्धे घोटाळे तिथेच होतात. ‘चालू थकबाकी’त आजपर्यंतचं सगळं धरलेलं असतं, पुढच्या बिलात जाणारं सुद्धा. ‘स्टेटमेंटची रक्कम’ स्टेटमेंटच्या तारखेला गोठलेली असते. शेवटच्या तारखेपर्यंत भरायची ती हीच. ‘अनबिल्ड’ म्हणजे त्यानंतरचे, अजून बिलात न आलेले व्यवहार. ‘उपलब्ध मर्यादा’ म्हणजे अजून किती खर्च करता येईल ते. हॉटेलने किंवा पेट्रोल पंपाने अडवून ठेवलेल्या रकमेमुळे ती काही दिवस कमी दिसू शकते. तेवढ्यावरून पैसे चोरीला गेले असं समजून कार्ड बंद करू नका.

दोन गोष्टी हमखास राहतात. पहिली, रिफंड. स्टेटमेंट निघाल्यावर दुकानाकडून परत आलेले पैसे बहुतेक बँका ‘तुम्ही केलेलं पेमेंट’ धरत नाहीत. ते पुढच्या बिलातून वजा होतात, आताचं बिल भरावंच लागतं. दुसरी, वेळ. पेमेंट करणं आणि ते कार्डखात्यात जमा होणं यांत अंतर पडू शकतं, विशेषतः दुसऱ्या बँकेतून भरताना किंवा मध्ये सुट्टी आली तर. शेवटच्या दिवशी रात्री अकराला भरायची सवय असेल, तर ती आधी सोडा. तीन-चार दिवस हाताशी ठेवा.

कार्ड बदलून नवा नंबर आला असेल, तर बिल भरताना जतन केलेला जुना नंबरच वापरला जातोय का, तेही तपासा. एखादा अंक चुकला तर बहुतेकदा नंबर नाकारला जातो, कारण शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणित करून ठरवलेला असतो. पण जुना नंबर त्या गणितात बरोबरच असतो, त्यामुळे तिथे ही चाळणी उपयोगाची नाही.

दार नेहमी तेच वापरा

बँकेचं नाव सर्चमध्ये टाकून वरची पहिली लिंक उघडायची, ही सवय खरोखर धोक्याची आहे. वरची जागा जाहिरातीची असू शकते आणि जाहिरात कुणीही विकत घेतो. कस्टमर केअरचा नंबर असा शोधला तर फसवणूक करणाऱ्याला आपणच फोन लावतो. नंबर कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, स्टेटमेंटवरही असतो. तो आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा, कारण कार्ड हरवेल तेव्हा पाठीमागचा नंबरही त्याच्यासोबत गेलेला असेल. वेबसाइटचा पत्ता एकदा स्टेटमेंटवरून टाइप करून बुकमार्क करा आणि कायम तिथूनच आत जा.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी, हा समज अजून सुटलेला नाही. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे ते सांगत नाही. खोट्या साइटलाही कुलूप सहज मिळतं. याच गैरसमजामुळे क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून दुसरं लावलं.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारं ॲप, वापरत असाल तर तो एक चांगला पहारेकरी आहे. नेहमीच्या पानावर पासवर्ड आपोआप भरला गेला नाही, तर थांबा आणि पत्ता अक्षर-अक्षर वाचा. हुबेहूब दिसणाऱ्या पानाला माणूस फसतो, पत्ता जुळवून बघणारा मॅनेजर सहसा फसत नाही.

आणि कुणी ‘मदत करतो’ म्हणून स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन तिथेच ठेवा. तुमच्या स्क्रीनवर आलेला ओटीपी त्यालाही दिसतो.

आत जाताच येत नाही तेव्हा

ओटीपी येत नाही म्हणून लोक ‘पुन्हा पाठवा’ पाच वेळा दाबतात, मग पाच ओटीपी एकदम येतात आणि पहिला टाकला जातो. चालतो तो सर्वांत शेवटचा. एकदाच दाबा, दोन मिनिटं थांबा. तरी आला नाही तर एसएमएसची पेटी भरली आहे का, तो स्पॅममध्ये गेला आहे का, परदेशात असाल तर रोमिंग चालू आहे का, ते बघा. बँकेकडे जुनाच मोबाइल नंबर असणं हेही नेहमीचं कारण. फोनचं नेटवर्क अचानक, बराच वेळ गेलं आणि शेजारच्याचं त्याच कंपनीचं चालू असेल, तर मात्र थांबू नका. कुणी तुमच्या नावावर दुसरं सिम काढलं असण्याची शक्यता धरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवा.

एसएमएसऐवजी लॉगिनचा कोड देणारं ॲप (ऑथेंटिकेटर) वापरत असाल आणि प्रत्येक कोड ‘चुकीचा’ ठरत असेल, तर फोनचं घड्याळ बघा. हे कोड साधारण दर ३० सेकंदांनी वेळेवरून तयार होतात, घड्याळ पुढे-मागे असेल तर जुळत नाहीत. तारीख आणि वेळ ‘आपोआप’वर ठेवली की काम होतं.

पासवर्ड दोनदा चुकला तर तिसरा अंदाज करू नका, ‘पासवर्ड विसरलात’ वर जा. ठरावीक प्रयत्नांनंतर खातं बंद होतं आणि मग कधी कधी चोवीस तास थांबावं लागतं, नेमकं शेवटच्या तारखेला. पान कोरंच दिसत असेल तर आधी ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडा. तिथे चाललं तर दोष बहुधा साठलेल्या कुकीज किंवा जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचा. आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन चालू असेल तरीही काही बँका दार लावतात. नवं कार्ड ॲपमध्ये दिसत नसेल तर ते वेगळं जोडावं लागतं का, हे सेटिंगमध्ये बघा.

अनोळखी व्यवहार दिसला तर

अगदी छोटी, एखाद्या रुपया-डॉलरएवढी अनोळखी रक्कम दिसली की ‘जाऊ दे’ म्हणू नका. चोरलेला नंबर चालतो का, हे बघायला असाच छोटा व्यवहार करतात. मात्र दुकानाचं नाव स्टेटमेंटवर वेगळं येऊ शकतं, मूळ कंपनीचं किंवा पेमेंट घेणाऱ्या मध्यस्थाचं. म्हणून आधी घरच्यांना विचारा, मग तक्रार करा. ‘प्रलंबित’ व्यवहारावर तक्रार बहुधा नोंदवता येत नाही, तो पक्का व्हावा लागतो. पण कार्ड बंद करायला त्यासाठी थांबायचं कारण नाही. तक्रारीला मुदत असते, तेव्हा पुढच्या स्टेटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी नोंदवा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

ॲपमधलं ‘लॉक’ आणि ‘ब्लॉक’ एक नाही. लॉक तात्पुरतं, कार्ड घरातच कुठे पडलंय असं वाटतं तेव्हाचं. काही बँकांत ते लावलं तरी दरमहाच्या वर्गण्या (सबस्क्रिप्शन) जात राहतात. नंबर चोरीला गेला असेल तर ब्लॉकच करा. आणि ब्लॉक केलं, नवं कार्ड आलं, म्हणजे जुन्या वर्गण्या संपल्या असंही समजू नका. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या सेवेतून नवा नंबर दुकानदाराकडे आपोआप पोचू शकतो. नको असलेली वर्गणी, ती ज्या कंपनीची आहे तिथल्या तुमच्या खात्यात जाऊनच रद्द करावी लागते.

कार्डखातं कायमचं बंद करणार असाल, तर त्याआधी सगळी स्टेटमेंटं उतरवून घ्या, कारण नंतर लॉगिनच बंद होतं. बाकी शून्य दिसली तरी अजून बिलात न आलेलं व्याज मागाहून येऊ शकतं, त्यामुळे एक स्टेटमेंट आणखी येऊ द्या, ते भरा आणि मग ‘खाते बंद, थकबाकी नाही’ असं पत्र मागून घ्या.