कागदांचा ढीग आणि "उद्या बघू": माझा अनुभव

लक्षण असं: घरात कागद ढीगभर, पण हवा तो वेळेवर सापडत नाही. वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, वॉरंटी कार्डं, विम्याची पत्रं, सगळं टीव्हीखालच्या खणात. रिटर्न भरायची 31 जुलै जवळ आली की शोधाशोध सुरू.

रविवारी सगळं एकदम काढून बसले. संध्याकाळी पाहुणे आले आणि ढीग परत खणात गेला. डझनभर फायलींना लेबलं लावली, तर कुठला कागद कुठे यावरच अडायचं. अगदी जीव मेटाकुटीला आला होता.

चाललं ते या क्रमाने. आधी दाराजवळ रिकामा खोका ठेवला. नवा कागद फक्त त्यातच. मग सकाळी चहाचं आधण ठेवलं की 10 मिनिटांचा टायमर लावून जुन्या ढिगातला वरचा कागद उचलायचा. निर्णय तिथल्या तिथे: रद्दी, जपायचा, किंवा काम बाकी. तिसऱ्या प्रकारावर पेन्सिलने पुढची नेमकी कृती लिहायची. नुसतं "विमा" नव्हे, "एजंटला फोन करून नॉमिनी बदलून घेणे". माझ्या मते टाळाटाळ सुटली ती इथेच, कारण सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच उरत नाही. टायमर वाजला की थांबायचं, हुरूप असला तरी.

दुकानातली गुळगुळीत थर्मल बिलं मात्र लगेच झेरॉक्स करा. वॉशिंग मशीनच्या बिलावरची तारीख वॉरंटी संपायच्या आतच पुसट झाली होती. पॅन किंवा खाते क्रमांक असलेला कागद बारीक फाडूनच रद्दीत टाका.