दोघांच्या टीममध्ये इंटरव्ह्यूचं लायटिंग
आधी खोलीतले दिवे बंद करा, खरंच, कारण खिडकीतला निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकत्र आले की चेहऱ्याचा रंग नंतर एडिटमध्ये काही केल्या नीट होत नाही. खिडकी चेहऱ्याच्या साधारण ४५ अंशात येईल असं माणसाला बसवा, भिंतीपासून ५-६ फूट पुढे. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की फिल (म्हणजे सावलीच्या बाजूला थोडा उजेड) झाला, वेगळा लाइट कशाला. लाइट लावलाच आणि समोरच्याला चष्मा असेल, तर काचेत चमक दिसू नये म्हणून लाइट वर घ्या. खोलीतले दिवे ठेवायचेच असतील तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर फ्लिकर (व्हिडिओत उजेडाची लुकलुक) येतो. आणि आजी-आजोबांच्या डोळ्यांवर एलईडी थेट मारू नका हो, मध्ये पांढरं कापड धरा, डोळे दिपले की ते मोकळं बोलतच नाहीत.